प्रकाशाला वळण लावणारा आवाज

अंधाऱ्या खोलीत भिंतीवर टॉर्चचा झोत पाडा आणि त्या झोतासमोर जोरात टाळी वाजवा. भिंतीवरचा उजेड तसूभरही हलणार नाही. मोठ्याने गाणं लावा, ढोल बडवा, तरी काही फरक नाही. आवाज आपल्या वाटेने जातो, प्रकाश आपल्या वाटेने. शाळेतही हे दोन धडे आपण वेगवेगळे शिकतो. त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडेल, असं कुणी सांगत नाही.

तरीही आज लंडन, पॅरिस, बुडापेस्ट इथल्या मेंदू-संशोधनाच्या प्रयोगशाळांत असे मायक्रोस्कोप आहेत, ज्यांत लेसरचा झोत कुठे पडायचा हे आरसा ठरवत नाही, आवाज ठरवतो. तेही सेकंदाला हजारो वेळा. आणि आवाज प्रकाशाला कसा वळवतो याचं गणित ज्यांनी नीट मांडून दाखवलं, त्यांत बंगळूरला काम करणाऱ्या दोन माणसांची नावं ठळक आहेत. आज आपण हेच समजून घेणार आहोत. मध्ये थोडा हिशेब येईल, पण तो मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर करता येण्याइतका सोपा आहे.

इतकी घाई कशासाठी?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी, म्हणजे न्यूरॉन असतात. एक पेशी दुसरीला काही सांगते ते विजेच्या एका छोट्या झटक्यातून, आणि हा झटका साधारण एक मिलिसेकंद टिकतो. एका सेकंदाचा हजारावा भाग. आपली पापणी एकदा लवते तेवढ्यात असे शंभर झटके येऊन गेलेले असतात. आठवण, भीती, हाताची हालचाल, ओळखीचा चेहरा पटकन ओळखणं, हे सगळं या झटक्यांच्या क्रमावर चालतं. कोण आधी बोललं आणि कोण नंतर, यातच सगळा अर्थ. फेफऱ्यासारख्या आजारात तर पुष्कळ पेशी भलत्याच वेळी एकदम बोलू लागतात. त्यामुळे पेशी पाहणं पुरेसं नाही, त्या बोलत असताना पाहाव्या लागतात, आणि एकाच वेळी पुष्कळ.

जिवंत मेंदूच्या आत डोकावण्याची सध्याची खात्रीची पद्धत म्हणजे दोन-फोटॉन मायक्रोस्कोप. त्याचा पाया मारिया गेपर्ट-मायर यांच्या १९३१च्या सैद्धांतिक कामात आहे, आणि प्रत्यक्ष मायक्रोस्कोप १९९०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी करून दाखवला. यात डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लेसर वापरतात. तो मेंदूच्या मऊ ऊतींमध्ये बऱ्यापैकी खोल जातो, आणि फक्त जिथे त्याचा झोत एका बिंदूवर एकवटतो तिथेच पेशीतलं प्रथिन चमकतं. उंदराच्या पेशींमध्ये अशी प्रथिनं आधीच आणून ठेवलेली असतात, जी पेशी सक्रिय झाली की जास्त चमकतात. ती चमक मोजायची, की पेशी बोलली हे कळतं.

अडचण अशी की एका वेळी एकच बिंदू उजळतो. पूर्ण चित्र हवं असेल तर तो बिंदू ओळीने सगळीकडे फिरवावा लागतो, फरशी पुसताना आपण फडकं फिरवतो तसा. म्हणजे बिंदू जितका भराभर फिरेल, तितकंच चित्र भराभर मिळेल. मग बिंदू फिरवायचा कशाने? साध्या उत्तरात दोन छोटे आरसे येतात, एक आडवा झोत फिरवणारा आणि एक उभा.

आरसा कितीही छोटा असला तरी त्याला वजन असतं. पाळण्यावर बसलेल्या पोराला मध्येच थांबवून उलट्या दिशेला ढकलायचं तर किती जोर लागतो आणि किती वेळ जातो, ते प्रत्येक आईबापाला माहीत आहे. आरशाचंही तसंच. त्याला आपल्या लयीत डोलू दिलं तर तो सेकंदाला ८,००० फेऱ्या सहज करतो, आणि मग ५१२ ओळींची सुमारे ३० चित्रं सेकंदाला मिळतात. पण ‘इथून थेट तिकडे उडी मार, मग परत इकडे ये’ असं त्याला सांगता येत नाही. आणि ३० चित्रं म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. एका मिलिसेकंदाचा झटका त्या फटीत कुठेही हरवून जाईल.

शिवाय या सगळ्या फिरण्यात बराचसा वेळ वाया जातो. ५१२ गुणिले ५१२ म्हणजे अडीच लाखांहून जास्त बिंदू. त्यातले आपल्याला ज्या पेशी बघायच्या त्यांच्यावर पडणारे थोडेच, बाकीचे मधल्या रिकाम्या जागेवर. मोहल्ल्यात चाळीस घरांना लग्नाचं बोलावणं द्यायचं असेल, तर आपण प्रत्येक गल्लीतलं प्रत्येक दार वाजवत फिरत नाही, यादी घेतो आणि थेट त्या चाळीस दारांवर जातो. लेसरलाही असंच यादीप्रमाणे उडवता आलं तर काम कितीतरी वेगाने होईल. त्यासाठी वजन नसलेला आरसा हवा.

मे महिन्यातला डांबरी रस्ता

टाळीने प्रकाश वळत नाही असं आम्ही सुरुवातीला म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. वळतो, पण इतका कमी की कळत नाही.

मे महिन्याच्या दुपारी लांबवर डांबरी रस्ता बघा. तो पाण्यासारखा लकाकतो, पलीकडच्या गाड्या थरथरताना दिसतात. रस्त्यालगतची हवा तापून विरळ झालेली असते, वरची हवा त्या मानाने दाट असते, आणि विरळ-दाट थरांतून जाताना प्रकाश वाकतो. दाट माध्यमात प्रकाशाची चाल मंदावते हा विचार फार जुना आहे. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाज़िर’मध्ये तो मांडला होता.

आता आवाज म्हणजे काय? तोही विरळ-दाट पट्टेच. तबल्याची पुडी थरथरते तेव्हा ती समोरची हवा दाबते आणि सोडते, दाबते आणि सोडते. दाट पट्टा, विरळ पट्टा, परत दाट पट्टा, असे ते पुढे सरकत जातात. म्हणजे आवाज जिथून जातो तिथे प्रकाशासाठी क्षणभर चढउतारांची वाट तयार होते. हवेत आपल्या बोलण्याने होणारे हे चढउतार अगदी क्षीण असतात आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर हातभर, वीतभर असं मोठं असतं. लेसरला वळवायचं तर हे पट्टे बारीक हवेत, केसाच्या जाडीहूनही बारीक.

पट्टे बारीक करायचे तर सूर चढवावा लागतो. माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीत काही मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला काही दहा लाख कंपनं असतात. आणि या मायक्रोस्कोपच्या स्फटिकात साधारण ८० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आठ कोटी कंपनं पाठवली जातात. हा आवाज काढतो पिझो-विद्युत पदार्थाचा पातळ तुकडा. आपल्या स्वयंपाकघरातल्या ‘टक’ करणाऱ्या गॅस लायटरमध्ये असाच पदार्थ असतो. लायटरमध्ये दाबलं की वीज निर्माण होते. इथे उलट: वीज दिली की तुकडा थरथरतो आणि त्याला चिकटवलेल्या स्फटिकात आवाजाची लाट सोडतो.

स्फटिक बहुतेक वेळा टेल्युरियम डायऑक्साइडचा असतो. तो काचेसारखा पारदर्शक असतो, पण त्याचा खरा गुण वेगळा. त्यात ठरावीक दिशेने सोडलेली एका प्रकारची लाट सेकंदाला फक्त सुमारे ६२० मीटर जाते. घन पदार्थाच्या मानाने ही अगदी गोगलगाय. पाण्यातसुद्धा आवाज जवळपास १,५०० मीटरच्या वेगाने धावतो. आणि आवाज जितका मंद, तितके पट्टे जवळजवळ येतात. हिशेब करून बघा: ६२० मीटरला आठ कोटींनी भागा. उत्तर येतं पावणेआठ मायक्रोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या रक्तातल्या एका तांबड्या पेशीएवढं. सहा-सव्वासहा मिलिमीटर रुंदीच्या स्फटिकात असे ८०० पट्टे एकामागोमाग उभे राहतात.

बारीक समांतर रेघांवर प्रकाश पडला की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जुनी सीडी उन्हात तिरकी धरली की रंग फाकतात. तिच्यावरच्या बारीक रेघा प्रकाशाला ठरावीक कोनांत वळवतात. आवाजाचे पट्टे हेच काम करतात. फरक इतकाच, की सीडीच्या रेघा कायमच्या कोरलेल्या असतात, आणि या रेघा आपण सूर बदलून हव्या तेव्हा बदलू शकतो. सूर चढवला, रेघा जवळ आल्या, झोत जास्त वळला. सूर उतरवला, झोत कमी वळला. ८०० नॅनोमीटरच्या लेसरसाठी सूर ६०वरून १०० मेगाहर्ट्झपर्यंत नेला, तर झोत जवळपास तीन अंशांनी सरकतो. तीन अंश ऐकायला किरकोळ वाटतात. मायक्रोस्कोपच्या भिंगांतून गेल्यावर तेवढे पुष्कळ होतात.

बंगळूरचं गणित

हे होऊ शकेल असं फ्रान्सच्या लेऑं ब्रिल्वाँ यांनी १९२२मध्ये म्हटलं होतं. १९३२मध्ये दोन ठिकाणी ते प्रत्यक्ष दिसलं: अमेरिकेत डिबाय आणि सिअर्स यांना, फ्रान्समध्ये ल्यूका आणि बिकार यांना. द्रवात जोराचा अल्ट्रासाउंड सोडला आणि त्यातून प्रकाश पाठवला, तर पलीकडे एकच ठिपका न दिसता दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग उमटत होती. आणि इथेच गाडं अडलं. एकेका बाजूला इतके ठिपके का? आवाज वाढवला की काही उजळ का होतात आणि काही फिके का पडतात? त्या वेळच्या गणिताला याचं उत्तर देता येत नव्हतं.

ते दिलं चंद्रशेखर व्यंकट रामन आणि त्यांचे तरुण सहकारी एन. एस. नागेंद्रनाथ यांनी. रामन तेव्हा बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होते. १९३५ आणि १९३६मध्ये या दोघांचे लेख एकापाठोपाठ एक इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापून आले. त्यांची मूळ कल्पना घराच्या छपरावर बघून समजते. प्रकाशाची लाट सपाट पत्र्यासारखी येते असं धरा. ध्वनीच्या पट्ट्यांतून जाताना दाट जागी ती किंचित मागे पडते, विरळ जागी किंचित पुढे निघते. बाहेर पडते तेव्हा ती सपाट राहत नाही, पन्हळी पत्र्यासारखी वळ्यावळ्यांची झालेली असते. वळ्या किती खोल, त्यावर किती ठिपके आणि किती उजळ हे ठरतं. या एका कल्पनेतून सगळ्या ठिपक्यांचा हिशेब लागला. आजही जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत या प्रकाराला रामन-नाथ विवर्तन म्हणतात.

रामन यांना आवाजाचा कान होता, हेही सांगायला हवं. तबला आणि मृदंगाची पुडी इतकी सुरेल का वाजते, मधल्या शाईने नेमकं काय होतं, यावर त्यांनी आधीच काम केलं होतं. १९३४मध्ये भारतीय चर्मवाद्यांवर त्यांचा लेख त्याच नियतकालिकात आला होता. तबल्याच्या शाईपासून प्रकाशाच्या पन्हळीपर्यंत यायला त्यांना वर्षभरच लागलं असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

त्या वेळी लेसर नव्हता. तो १९६०मध्ये आला. म्हणजे या गणिताचा ‘उपयोग काय’ असं कुणी १९३५मध्ये विचारलं असतं, तर सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. आपल्या घरांत मूल भौतिकशास्त्र घेतो म्हणालं की हाच प्रश्न पहिला येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आजच्या मायक्रोस्कोपमध्ये मात्र ठिपक्यांची रांग नको असते. सगळा प्रकाश एकाच ठिपक्यात हवा असतो. त्यासाठी स्फटिक पुरेसा जाड घेतात आणि लेसर नेमक्या कोनात आत सोडतात. मग जवळपास सगळा वळलेला प्रकाश एकाच बाजूला जातो.

वजन गेलं, पण वाट बघणं राहिलं

आरसा गेला, वजन गेलं, मग आता वेगाला मर्यादाच नाही? तसं नाही. झोत नव्या जागी न्यायचा तर स्फटिकातले सगळे पट्टे नव्या सुराचे व्हायला हवेत, आणि नवा सूर एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाईपर्यंत थांबावंच लागतं. सव्वासहा मिलिमीटर, ६२० मीटरच्या वेगाने: दहा मायक्रोसेकंद. सेकंदाचा एक लाखावा भाग. पण एक मोठा फायदा होतो. शेजारच्या बिंदूवर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच पार दुसऱ्या टोकाच्या बिंदूवर जायला. लांबच्या घराला जास्त वेळ लागतो असं इथे नाही. आरशाला हे कधीच जमत नाही.

दहा मायक्रोसेकंद आणखी कमी करायचे तर स्फटिक अरुंद घ्या. मग मात्र पट्टे कमी होतात आणि वेगवेगळे ओळखता येतील असे बिंदूही कमी होतात. सुराची ४० मेगाहर्ट्झची रुंदी गुणिले दहा मायक्रोसेकंद म्हणजे एका रेषेवर ४०० बिंदू. वेळ अर्धा केला की बिंदूही अर्धे. घाई आणि बारकावा यांपैकी किती कशातून सोडायचं, हे प्रत्येक यंत्र बनवणाऱ्याला ठरवावं लागतं.

आता मेंदू काही कागद नाही, त्याला खोली आहे. बिंदू डावीकडे-उजवीकडे नेला, वर-खाली कसा न्यायचा? भिंग हलवलं तर परत वजन आलं. इथे एक फार सुंदर युक्ती आहे. स्फटिकात एकच सूर न पाठवता चढत जाणारा सूर पाठवायचा, हार्मोनियमवर बोटं भराभर वर नेल्यासारखा. मग कुठल्याही एका क्षणी स्फटिकाच्या एका टोकाला उंच सूर असतो आणि दुसऱ्या टोकाला खालचा. उंच सुराकडचा प्रकाश जास्त वळतो, खालच्या सुराकडचा कमी. सगळे किरण एकमेकांकडे झुकतात. भिंग हेच तर करतं! आवाजाचंच भिंग झालं. सूर किती भराभर चढवायचा त्यावर त्याची ताकद ठरते. उतरता सूर पाठवला तर किरण फाकतात.

एक गोम आहे. लाट पुढे सरकत असते, त्यामुळे हे भिंगही सरकतं आणि बिंदू स्थिर राहत नाही. म्हणून समोरासमोरून दोन लाटा सोडतात. एकीचं सरकणं दुसरी रद्द करते. आडव्या दिशेला दोन स्फटिक, उभ्या दिशेला दोन, असे चार झाले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजमधल्या पीटर साग्गाऊ यांच्या गटाने २००८मध्ये चार स्फटिकांनी लांबी-रुंदी-खोली तिन्हींत उड्या मारणारा मायक्रोस्कोप दाखवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अँगस सिल्व्हर यांच्या गटाने आणि बुडापेस्टमध्ये बालाझ रोझा यांच्या गटाने तोच मार्ग पुढे नेला.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या क्रेग आर्नल्ड यांच्या गटाने थोडा वेगळा रस्ता धरला. द्रवाने भरलेल्या गोल नळीभोवती पिझोचं कडं, आणि आत आवाजाची उभी लाट. द्रवच भिंग बनतं आणि बिंदू आपोआप खोलीत खाली-वर होत राहतो, फार वेगाने. पण यादीप्रमाणे उडी मारणं त्याला जमत नाही. तो डोलतो, सांगाल तिथे थांबत नाही. म्हणून तो आमच्या आजच्या गोष्टीतला नायक नव्हे.

उंदीर स्वस्थ बसत नाही

इथवर सगळं छान वाटतं. यादी हातात आहे, लेसर प्रत्येक पेशीवर उडी मारतो, चमक मोजतो, पुढे जातो. पण उंदीर जागा असतो. तो धावतो, नाक उडवतो, श्वास घेतो, त्याचं हृदय धडधडतं. आणि या प्रत्येक हालचालीबरोबर मेंदू कवटीच्या आत काही मायक्रोमीटर सरकतो.

काही मायक्रोमीटर म्हणजे किती? पेशीचं शरीर दहा-पंधरा मायक्रोमीटरचं. लेसरचा बिंदू त्याहून कितीतरी बारीक. आरशाने सगळं चित्र काढलं असतं तर नंतर संगणकावर चित्र सरकवून बरोबर करता आलं असतं. इथे चित्रच नाही, फक्त पत्त्यांची यादी आहे, आणि घरं जागेवरून हलली आहेत. बिंदू पेशीवरून घसरला की चमक कमी होते. संशोधकाला वाटतं पेशी गप्प झाली. खरं तर ती बोलतच होती, आपण भलत्या जागी कान लावला होता. अशी चूक नोंदीत शिरली तर ती चूक म्हणून ओळखू येत नाही. ती शोध म्हणून छापली जाऊ शकते. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे, वेगापेक्षाही गंभीर.

लंडनच्या गटाने यावर असा उपाय काढला की एखादा चमकणारा कण किंवा एखादी पेशी खूण म्हणून धरायची, ती किती सरकली ते सतत बघत राहायचं, आणि लगेच बाकी सगळे पत्ते तेवढेच सरकवायचे. आवाजाने वळणारा झोत इतका चपळ असतो की मोजणीच्या मधेच ही दुरुस्ती करता येते.

पॅरिसच्या इकोल नॉर्माल सुपिरिअरमधल्या गटाने, ज्यात स्तेफान द्युदोने आणि वाल्थर आकेमान ही नावं येतात, वेगळा विचार केला. बिंदूच्या जागी प्रकाशाचा आकारच का बदलू नये? पेशी ज्या भागात हलू शकते तो सगळा भाग झाकेल एवढा उजेडाचा छोटा ढग करायचा. पेशी त्या ढगाच्या आत हलली तरी उजेडातच राहील.

ढग कसा करायचा? इथे लेसरचा एक गुण कामी येतो. तो सतत जळत नाही, चमका मारतो. एक चमक शंभर फेम्टोसेकंदांच्या आसपास टिकते. तेवढ्या वेळात स्फटिकातली लाट किती पुढे जाते? ६२० मीटरच्या वेगाने, एका अणूच्या रुंदीइतकीही नाही. म्हणजे चमकेसाठी लाट थिजलेलीच असते. लाट थिजलेली असेल तर तिच्यात एकच सूर किंवा चढता सूर असायलाच हवा असं बंधन राहत नाही. हवे ते सूर हव्या त्या प्रमाणात मिसळून हवा तो नक्षीदार नमुना स्फटिकात भरायचा, आणि तो पूर्ण भरला त्या नेमक्या क्षणी लेसरची चमक सोडायची. प्रकाश तो नमुना अंगावर घेऊन बाहेर पडतो आणि ठरवलेल्या आकाराचा होतो. त्यानंतर पुढचा नमुना, पुढची चमक.

स्फटिक भरायला सुमारे २५ मायक्रोसेकंद दिले तर त्या वेळात आवाज पंधरा मिलिमीटर जातो. सेकंदात असे ४० हजार नमुने बसतात. पॅरिसच्या गटाने २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात लेसर याच चाळीस हजारांच्या ठेक्यावर चालत होता. आता मघाची चाळीस घरं आठवा. चाळीस पेशींची यादी असेल तर प्रत्येक पेशीकडे सेकंदाला हजार वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा जाता येतं. झटका टिकतो तेवढ्याच वेळात.

त्याआधी २०१९मध्ये पॅरिसच्याच मंडळींनी स्टॅनफर्डच्या मायकेल लिन यांच्या गटाबरोबर आवाजाने असा आकार दिलेला प्रकाश वापरून, जाग्या उंदराच्या पेशींमधले विजेचे झटके थेट टिपले होते. नेहमीची प्रथिनं पेशीतल्या कॅल्शियमवर चमकतात, आणि कॅल्शियम झटक्यामागून रेंगाळत येतं. लिन यांच्या गटाचं प्रथिन थेट विजेच्या दाबावर चमक बदलतं, म्हणून त्याची नोंद घ्यायला इतका चपळ मायक्रोस्कोप लागतोच.

काय अजून जमत नाही

या यंत्रांची किंमत चुकवावी लागते, आणि आम्ही फक्त पैशांबद्दल बोलत नाही. प्रत्येक स्फटिकात थोडा प्रकाश गळतो. समजा एका स्फटिकातून ७० टक्के पुढे गेला, तर चार स्फटिकांनंतर चोवीस टक्केच उरतो. लेसरची चमक इतकी छोटी असते की तिच्यात एक रंग राहू शकत नाही, जवळपासचे बरेच रंग असतात. सीडीप्रमाणे आवाजाचे पट्टेही प्रत्येक रंगाला थोड्या वेगळ्या कोनात वळवतात, म्हणून बिंदू फाकतो. शिवाय स्फटिकातून जाताना काही रंग मागे पडतात आणि चमक ताणली जाते. हे सगळं आधीच उलट्या दिशेने बिघडवून ठेवावं लागतं, म्हणजे स्फटिकातून गेल्यावर ते नीट होतं. दिसणारा भागही आरशाच्या मायक्रोस्कोपपेक्षा लहानच राहतो. आणि मेंदूत एक मिलिमीटरच्या आसपास गेल्यावर प्रकाशच विखुरतो. तिथे आवाजही मदत करू शकत नाही.

ज्यांच्या घरात कुणी बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगला आहे, त्यांनी त्यांची भौतिकशास्त्राची जर्नल वही उघडून बघावी. पुष्कळ कॉलेजांत ‘अल्ट्रासॉनिक ग्रेटिंग’ नावाचा प्रयोग असतो. काचेच्या चौकोनी भांड्यात केरोसीन किंवा तसला द्रव, त्यात बुडवलेला स्फटिक, सोडियमचा पिवळा दिवा आणि स्पेक्ट्रोमीटर. ऑसिलेटरचं बटण हळूहळू फिरवायचं. बराच वेळ मधली एकच पिवळी रेघ दिसते. मग सूर जुळतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना, बरोबर सारख्या अंतरावर, नव्या रेघा उगवतात. मुलं त्यावरून द्रवातल्या आवाजाचा वेग काढतात, सही घेतात आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतात. रामन आणि नागेंद्रनाथ यांनी ज्यांचा हिशेब लावला, त्या रेघा याच.